शॉर्टवेव्हवरचा आवाज बिघडतो तेव्हा दोष रेडिओचा, आकाशाचा की केंद्राचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारामतीजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचे वडील रोज संध्याकाळी एका परदेशी केंद्राचे प्रसारण ३१ मीटर बँडवर ऐकतात. ऑक्टोबर संपता संपता त्यात गडबड सुरू झाली. कधी सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या असतात, पण आवाजच नसतो, आणि पाच-सात मिनिटांनी कार्यक्रम मधूनच सुरू होतो. कधी आवाज चिरडल्यासारखा फाटतो आणि लगेच ताळ्यावर येतो. केंद्र लागले की मागे एकसारखी गुणगुण असते, रिकाम्या जागी नसते; सेट ॲडॉप्टरवर चालतो. एका दुपारी तर जवळजवळ तासभर सगळा बँड मुका झाला होता. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे, सेट जुना झाला, नवा घ्या. घ्यावा का?

नमस्कार. नवा रेडिओ आत्ताच घेऊ नका. चारही तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या म्हणून त्या एकाच बिघाडाच्या वाटतात. मला मात्र त्यांची मुळे तीन वेगळ्या ठिकाणी दिसतात: पहिलीचे केंद्राकडे, दुसरीचे आणि चौथीचे आकाशात, आणि गुणगुणीचे बहुतेक तुमच्या घरातच. मी मोठ्या शक्तीच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवर बरीच वर्षे शिफ्टमध्ये काम केले आहे. आता घरी बसून परदेशी केंद्रे ऐकतो आणि त्यांना रिपोर्ट पाठवतो. म्हणजे ही साखळी मी दोन्ही टोकांनी पाहिली आहे. तरी केंद्राचे नाव आणि नेमकी फ्रिक्वेन्सी तुम्ही दिलेली नाही, त्यामुळे खालच्या काही गोष्टींपुढे ‘बहुतेक’ लावूनच वाचा.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. कॅरियर आणि आवाज या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकायच्या. ट्रान्समीटरमधून सतत निघणारी मूळ लहर म्हणजे कॅरियर, आणि तिच्यावर चढवलेला कार्यक्रम म्हणजे मॉड्युलेशन. रेडिओवरच्या पट्ट्या प्रामुख्याने कॅरियर मोजतात. केंद्र लागले की पार्श्वभूमीची खरखर दबते, तेही कॅरियरमुळेच. त्यामुळे पट्ट्या भरलेल्या आणि आवाज नाही, याचा अर्थ रेडिओ, अँटेना, आकाश आणि ट्रान्समीटर हे चौघेही आपापले काम करत आहेत. गाडी वेळेवर आली, फक्त तिच्यात माल भरलेला नव्हता. दुसरी खूण वेगाची. आकाशामुळे सिग्नल जातो तेव्हा तो काही सेकंद घेत बुडतो. यंत्रामुळे जातो तेव्हा कात्रीने कापल्यासारखा जातो आणि तसाच परत येतो. एवढ्या दोन गोष्टींवरून निम्मे निदान होते.

आता तुमची पहिली तक्रार. कार्यक्रम ‘मधूनच’ सुरू होतो, हा शब्द तुम्ही लिहिलात ते फार बरे झाले. कार्यक्रम उशिरा पण पहिल्यापासून सुरू झाला असता, तर स्टुडिओत उशीर झाला असे म्हणता आले असते. मधून सुरू होतो म्हणजे स्टुडिओत तो वेळेवर सुरू झालेला होता, फक्त ट्रान्समीटरपर्यंत पोहोचत नव्हता. म्हणजे दोष मधल्या जोडणीत आहे.

ही जोडणी कशी असते ते सांगतो. स्टुडिओ एका शहरात असतो आणि ट्रान्समीटर शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर, बरेचदा दुसऱ्याच देशात. कार्यक्रम उपग्रहाने किंवा इंटरनेटच्या जोडणीने तिथे जातो. एकाच उपग्रह वाहिनीवर अनेक भाषांचे आवाज शेजारी-शेजारी चाललेले असतात. ट्रान्समीटर केंद्रातल्या रिसीव्हरने ठरलेल्या मिनिटाला त्यातला योग्य आवाज उचलून योग्य ट्रान्समीटरला द्यायचा असतो. शिवाय तोच ट्रान्समीटर दिवसभर एकाच भाषेसाठी चालत नाही. अर्धा तास एक भाषा, मग काही मिनिटांत फ्रिक्वेन्सी बदला, अँटेना बदला, आवाजाचा स्रोत बदला आणि दुसरी भाषा सुरू करा. हे बदल हल्ली वेळापत्रक भरलेला संगणक करतो. वेळापत्रकात एक ओळ चुकीची भरली गेली, की ट्रान्समीटर पूर्ण शक्तीने चालू होतो आणि कोरा कॅरियर पाठवत राहतो, किंवा भलत्याच भाषेचा कार्यक्रम पाठवतो. कोणाच्या तरी लक्षात येते, तो हाताने जोडणी बदलतो आणि कार्यक्रम वाक्याच्या अध्येमध्ये उगवतो. तुमची पाच-सात मिनिटे म्हणजे बहुतेक कोणाच्या तरी लक्षात यायला लागलेला वेळ.

आणि हे ऑक्टोबर संपतानाच का सुरू झाले? आंतरराष्ट्रीय शॉर्टवेव्हची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या दिवशी जगभरची केंद्रे एकदम नव्या फ्रिक्वेन्सी आणि नव्या वेळा घेतात. युरोपातली घड्याळेही त्याच रविवारी एक तासाने सरकतात, प्रसारणाचे वेळापत्रक मात्र जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालते. या गडबडीत पहिला आठवडा चुका होतात आणि बहुतेक ठिकाणी त्या निस्तरल्या जातात. एखादी चूक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही रोज ठरल्या मिनिटाला होत असेल, तर ती कोणाच्या लक्षात आलेलीच नाही असे समजा. उपग्रहाच्या बरोबर मागे सूर्य आल्यानेही जोडणी काही मिनिटे तुटते. पण ते संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या, आसपासच होते, त्यामुळे तुमच्या ऑक्टोबरअखेरीच्या तक्रारीला ते कारण बसत नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण बाहेरच्यांना ती खरी वाटत नाही. ट्रान्समीटर हॉलमधल्या इंजिनिअरला स्वतःचे प्रसारण तुमच्याकडे कसे पोहोचते ते ऐकू येत नाही. त्याच्या समोर मीटर असतात: किती शक्ती बाहेर जाते आहे, किती परत फिरते आहे, मॉड्युलेशन किती टक्के. लघुलहरी त्याच्या डोक्यावरून उडून दोन-तीन हजार किलोमीटरवर उतरतात. मी ज्या केंद्रात होतो तिथे एकदा वेळापत्रक बदलल्यानंतर सगळे मीटर व्यवस्थित होते, पूर्ण शक्ती जात होती, परत फिरणारी शक्ती नगण्य. तरीही पश्चिम आशियातल्या एका श्रोत्याचे पत्र आले की सिग्नल जवळजवळ नाहीसा झाला आहे. मोठ्या पडदा अँटेनांमध्ये झोत डावीकडे-उजवीकडे वळवण्यासाठी स्विच असतात. त्यातला एक अडकून बसला होता. पॅनेलवरचा दिवा ‘आदेश दिला’ एवढेच दाखवत होता, स्विच खरोखर कुठे आहे ते दाखवत नव्हता. झोत दुसऱ्याच दिशेला चालला होता आणि आम्हाला हॉलमध्ये बसून ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. फ्रान्समधल्या इसूदँसारख्या ठिकाणी तर अख्खी अँटेनाच मनोऱ्यासकट फिरते. तिथे यंत्रणा वेगळी, पण दूरच्या कानाची गरज तीच.

केंद्राकडचा दुसरा नेहमीचा दोष म्हणजे ट्रिप होणे. आपल्याकडे परदेश प्रसारणासाठी आकाशवाणीने पणजीला २५० किलोवॅटचे आणि बंगळुरूला ५०० किलोवॅटचे ट्रान्समीटर बसवले. या शक्तीचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब पाहा. अँटेनापर्यंत शक्ती नेणाऱ्या ३०० ओहमच्या तारांमधून, म्हणजे फीडरमधून, २५० किलोवॅट सोडले, तर नुसत्या कॅरियरचा शिखर दाब १२ हजार व्होल्टच्या वर जातो. पूर्ण मॉड्युलेशनच्या क्षणी तो दुप्पट होतो, म्हणजे २४ हजारांच्या पुढे. इन्सुलेटरवर धूळ किंवा खारा थर साचला, त्यावर दव पडले, की याच क्षणी ठिणगी पडते. संरक्षक यंत्रणा शक्ती तोडते आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडते. म्हणून ही तोड बहुधा शांत बोलण्यात न होता संगीताच्या किंवा शीर्षकधूनच्या चढ्या जागी होते. तुमच्याकडे असे घडते का, ते ऐका. तुमच्या वर्णनावरून तरी तसे दिसत नाही.

दुसरी तक्रार, आवाज फाटण्याची. हा निवडक फेडिंगचा नमुना आहे. लहर वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित ‘एफ२’ थरावरून, म्हणजे साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरून परतते, आणि एका उडीत फार तर ४००० किलोमीटर जाते. युरोपातून येणाऱ्या सिग्नलला किमान दोन उड्या लागतात. तोच सिग्नल कधी दोन उड्यांनी आणि त्याच वेळी तीन उड्यांनीही पोहोचतो. दोन्ही वाटांची लांबी वेगळी असल्याने काही फ्रिक्वेन्सींवर दोन्ही लहरी एकमेकींना मारतात, तिथे सिग्नलमध्ये खाच पडते आणि ही खाच सरकत राहते. ती आवाजाच्या एखाद्या भागावर आली तर आवाज पोकळ होतो. ती नेमकी कॅरियरवर आली तर साधा रेडिओ गोंधळतो, कारण त्याला आवाज वेगळा काढायला कॅरियरचा आधार लागतो. मग काही सेकंद शब्द चिरडले जातात. खाच पुढे सरकली की सगळे पूर्ववत.

ट्रान्समीटरमधला विकृत आवाज असा श्वास घेत येत नाही. तो सिग्नल बळकट असतानाही तसाच असतो, पाच मिनिटांनी तसाच असतो आणि दुसऱ्या गावातही तसाच ऐकू येतो. तुमचा आवाज ‘लगेच ताळ्यावर येतो’, म्हणून मी केंद्राला सोडून देतो.

आपल्या भागात यात आणखी एक भर पडते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ साली केरळातल्या थुंब्याला अग्निबाण सोडण्याचा तळ उभारला तो याच कारणासाठी. सूर्यास्तानंतर या पट्ट्यावरचा वरचा थर कधी कधी फुटतो, त्यात बुडबुडे उठतात, आणि त्यातून आलेल्या सिग्नलला फडफड लागते. सेकंदात अनेक वेळा थरथरणारा आवाज असेल तर तो हा प्रकार. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, तो जास्त दिसतो. रात्र चढली की बहुधा ओसरतो. त्यावर घरी बसून उपाय नाही.

निवडक फेडिंगवर मात्र आहे. रेडिओत सिंक्रोनस डिटेक्शनची सोय असेल तर ती चालू करा. मग रेडिओ स्वतःचा स्थिर कॅरियर वापरतो आणि चिरडणे बरेच कमी होते. ती नसेल पण एसएसबी, म्हणजे रेडिओने स्वतःचा कॅरियर पुरवून ऐकण्याची साधी सोय, असेल, तर एसएसबीवर जाऊन शिट्टी हळूहळू खाली आणत शून्यावर आणा आणि ऐका. थोडा हात बसावा लागतो. वडिलांना रोज हे करायला लावू नका, तुम्ही एकदा करून बघा. आवाज सुधारला तर सेट ठणठणीत आहे याची तुम्हालाच खात्री पटेल. आणि केंद्र तोच कार्यक्रम दुसऱ्या बँडवरही देत असेल तर सगळ्यात सोपे तेच. एकावर खाच असते तेव्हा दुसऱ्यावर बहुधा नसते.

दुपारी बँड मुका होण्याबद्दल फार लिहायला नको. सूर्यावर मोठी ज्वाला उठली की क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात आणि ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर एकाएकी दाट होतो. हा थर लहरी परतवत नाही, शोषून घेतो. उजेडाच्या बाजूला शॉर्टवेव्ह पंधरा मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत गप्प होते. कमी फ्रिक्वेन्सी आधी जातात आणि शेवटी परततात, १३ आणि १६ मीटरचे बँड आधी सावरतात. पुन्हा असे झाले तर जवळचे मध्यम लहरींवरचे आकाशवाणी केंद्र लावून पाहा. ते जमिनीच्या कडेने येते म्हणून नेहमीसारखे लागेल, आणि रेडिओ शाबूत असल्याचे दिसेल. अमेरिकेची नोआ ही संस्था अशा घटना आर१ ते आर५ या श्रेणीत वेळेसह जाहीर करते, ती वेळ ताडून घ्या. सध्याचे २५ वे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ च्या सुमारास भरात आले. उताराच्या वर्षांतही मोठ्या ज्वाला येतात, त्यामुळे हे पुन्हा होईल.

राहिली गुणगुण. तुम्ही लिहिता की केंद्र लागले तरच ती येते, रिकाम्या जागी नसते. यावरून बहुतेकजण केंद्राला दोष देतात, आणि ट्रान्समीटरच्या वीजपुरवठ्यात बिघाड असेल तर १०० हर्ट्झची अशीच गुणगुण खरोखर येतेही. पण तुमचा सेट ॲडॉप्टरवर चालतो. ॲडॉप्टरमधले डायोड सेकंदाला शंभर वेळा उघड-बंद होतात, घरातल्या वायरिंगने पकडलेल्या त्याच सिग्नलला ती लय लावतात आणि तो रेडिओत परत शिरतो. केंद्र नसेल तर लय लावायला काहीच नाही, म्हणून शांतता. ॲडॉप्टर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर तेच केंद्र ऐका. गुणगुण गेली तर दोष ॲडॉप्टरचा. वडिलांसाठी चार्ज होणारे सेल घेऊन द्या, नव्या रेडिओच्या मानाने फार स्वस्तात काम होईल. बॅटरीवरही गुणगुण राहिली, तर मात्र संशय केंद्राकडे न्यायला हरकत नाही.

दिवाळीत लावलेल्या एलईडी माळा अजून गॅलरीत असतील तर त्याही पाहा. त्यांच्या स्वस्त पुरवठ्यातून जी खरखर निघते ती सगळ्या बँडभर पसरते, केंद्र लागो वा न लागो. रेडिओ बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच अर्धा मिनिट बंद करा. खरखर कमी झाली तर स्रोत घरात, तशीच राहिली तर शेजारी किंवा रस्त्यावर. रेडिओ खिडकीपाशी नेला तरी पुष्कळ फरक पडतो.

काही गोष्टी बिघाडासारख्या वाटतात, पण बिघाड नसतात. दहा किलोहर्ट्झ रुंदीचा एकसारखा फुस्स आवाज म्हणजे बहुतेक डीआरएम हे डिजिटल प्रसारण; साध्या रेडिओवर ते तसेच ऐकू येणार. बोलण्याबरोबर सिग्नलच्या पट्ट्या वर-खाली होत असतील तर केंद्र विजेच्या बचतीसाठी कॅरियरची शक्ती आवाजानुसार बदलत असेल. तेच केंद्र ९१० किलोहर्ट्झ खालीही लागत असेल, उदाहरणार्थ ९९०० चे ८९९० वर, तर ती साध्या सेटमधली ‘प्रतिमा’, म्हणजे सेटच्या रचनेमुळे भलत्या जागी उमटलेली त्याच केंद्राची नक्कल आहे. अँटेना थोडी आखडा. आणि सतत बारीक, तीक्ष्ण शिट्टी असेल तर पाच किलोहर्ट्झ शेजारी दुसरे केंद्र आहे. नव्या वेळापत्रकात असे शेजारी हमखास येतात. रेडिओत अरुंद फिल्टर असेल तर तो वापरा.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. बॅटरीवर ऐका. आवाज नसेल तेव्हा पट्ट्या पाहा आणि मिनिट लिहून ठेवा. फाटणे येते-जाते की टिकते ते नोंदवा. मग त्याच वेळी इंटरनेटवरचा एखादा दूरस्थ रिसीव्हर उघडा. किवीएसडीआर नावाचे असे अनेक रिसीव्हर जगभर लोकांनी खुले ठेवले आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर प्रसिद्ध आहे, पण भारताकडे झोत असलेल्या प्रसारणासाठी दक्षिण किंवा पश्चिम आशियातला निवडलेला बरा. तिथेही त्याच मिनिटांना शांतता असेल तर पहिल्या तक्रारीचा निकाल लागला.

मग केंद्राला लिहाच. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबले, रेडिओ नेदरलँड्सचे त्याआधी २०१२ मध्ये. जी केंद्रे उरली आहेत त्यांच्याकडे पगारी निरीक्षक फारसे राहिलेले नाहीत. तुमच्या वडिलांसारखा रोज त्याच वेळी, त्याच जागी ऐकणारा माणूस त्या इंजिनिअरला हवा असतो. हे मी त्याच्या खुर्चीत बसून अनुभवले आहे. फक्त ‘आवाज नीट येत नाही’ असे लिहू नका, त्यावरून कोणालाच काही शोधता येत नाही. तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी आणि नेमके काय झाले ते लिहा. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की यूटीसी मिळते, संध्याकाळचे ७.३० म्हणजे १४००. उदाहरणार्थ: ‘१४०० ते १४०६ कॅरियर बळकट, मॉड्युलेशन नाही, १४०६ ला कार्यक्रम वाक्याच्या मधून सुरू, सलग चार दिवस हेच.’ सोबत मोबाइलवर एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण आणि रेडिओ-अँटेनाची माहिती जोडा. दूरस्थ रिसीव्हरवर काय ऐकले तेही वेगळे लिहा, दोन्ही एकत्र करू नका. आणि त्याच दिवशी पाठवा, कारण केंद्रातल्या नोंदवहीशी ताडणे तेव्हाच सोपे असते.

केंद्राचे नाव, फ्रिक्वेन्सी आणि बॅटरीवर गुणगुण राहते की जाते, हे इथे कळवा. नवे वेळापत्रक पाहून तुमच्या वडिलांसाठी दुसरी समांतर फ्रिक्वेन्सी मिळते का ते मी शोधून देतो.